शिष्यवृत्ती कुणाच्या नावानं?

कलावंत नवरा-बायकोच्या मागं त्यांच्या नावानं निधी उभा राहतो, त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. चांगलीच गोष्ट आहे. पण मैत्रिणींनो, अशा वेळी मला दोन प्रश्न पडतात. नाव कुणाचं लागतं? आणि त्या पैशाचा मुलींना खरोखर उपयोग होतो का?

पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान घ्या. नाटकांतून, पुस्तकांतून आलेला पैसा पुलं आणि सुनीताबाईंनी समाजाला परत केला. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामागेही त्यांची मदत होती. 'वाऱ्यावरची वरात'मध्ये सुनीताबाई रंगमंचावर होत्या, व्यवहार त्या बघत, देणग्यांचे निर्णय दोघांचे असत. पाटीवर मात्र नाव एकाचंच. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटलं नसेलही. पण पाटी वाचणाऱ्या मुलीला काय कळतं, हा प्रश्न उरतोच.

वेगळं उदाहरणही आहे. मूळच्या गोव्याच्या चित्रकार प्रफुल्ला डहाणूकर १९५५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. १९६१ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला शिकायला गेल्या. २०१४ साली त्यांचं निधन झालं. त्यानंतर त्यांचे पती, उद्योजक दिलीप डहाणूकर, यांनी बायकोच्या नावानं प्रतिष्ठान काढलं आणि त्यातून तरुण चित्रकारांना, कलेच्या विद्यार्थ्यांना मदत सुरू झाली. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या बाईचं नाव पुढच्या पिढीच्या शिष्यवृत्तीवर आलं.

आता दुसरा प्रश्न. नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना मी बघते, मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत पास होते. पुढं चित्रकला महाविद्यालयाचा विषय निघाला की घरात पहिली कात्री तिच्याच शिक्षणाला लागते. "चित्रं काय, लग्नानंतरही काढता येतील." फी माफ झाली तरी रंग, कागद, कॅनव्हास कुणी माफ करत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडून येणाऱ्या मुलीला राहायची सोयही लागते. म्हणून नुसती फी भरणारी शिष्यवृत्ती अर्धीच.

माझं म्हणणं एवढंच, की निधी उभारणाऱ्यांनी अटी लिहिताना मुलीचं आयुष्य डोळ्यांपुढं ठेवावं. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर जावेत. साहित्य आणि वसतिगृहाचा खर्च त्यात धरावा. लग्न किंवा बाळंतपणामुळं वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती जाऊ नये. वयाची अट शिथिल असावी. निवड समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात.

आणि नाव दोघांचं असावं. आपल्या नागपुरात कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांचा संसार झाला. कुसुमावतीबाई लंडनला शिकल्या, इथं त्यांनी इंग्रजी शिकवलं, कथा आणि समीक्षा लिहिली. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. विदर्भातल्या कला शिकणाऱ्या मुलींसाठी या दोघांच्या नावानं एक शिष्यवृत्ती उभी करता येईल. तिचं नाव आधी, त्याचं नंतर.

सुरुवात छोट्या रकमेनं झाली तरी चालेल. आपल्या गटांनी यावर बोलावं, काय वाटतं ते जरूर कळवावं.