शेतीला शाळेच्या वेळापत्रकात स्थान द्या
जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पालक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामसभा यांस जाहीर आवाहन

ज्या मुलाने जमीन भाजण्यासाठी पालापाचोळ्याच्या राबाचा थर कसा रचावा हे आजोबांच्या शेजारी उभे राहून पाहिले, भाजलेल्या त्या जमिनीत तण का माजत नाही हे ज्यास न शिकवता ठाऊक आहे, आणि वरकस उतारावर पहिल्या वर्षी नागली, मग वरई, त्यानंतर खुरासणी घेऊन पुढे ती जमीन विसाव्यास का सोडावी याचे ज्ञान ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे, त्या मुलास वर्गात बसवून आपण दहा वर्षे असे शिकवतो, की जणू त्याच्या घरी विद्या कधी नव्हतीच. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या संमतीने चालला आहे.

यावर सुज्ञ पालक विचारतात, की चिखलातून सुटावे म्हणून तर पोरास शाळेत घातले, त्यास पुन्हा नांगर कशाला दाखवता? प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागे उपासमारीची स्मृती आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, ती आठवण येथे कोण विसरेल? परंतु शेतीपासून सुटलेला आपला तरुण जातो कोठे, हेही निर्भयपणे पाहावे. दिवाळी उरकताच कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात, पोरांची नावे पटावर राहतात आणि पोरे भट्टीवर. आणि ज्या शेतीकडे आपण पाठ फिरवतो, तिच्यातील नागलीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाहून कितीतरी पट अधिक. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांस वाहिले आणि शहरांतील दुकानांत नागलीस प्रतिष्ठा लाभली. ते धान्य परंपरेने पिकवणाऱ्या मुलुखातील विद्यार्थी मात्र भाकरीचा डबा उघडताना ओशाळतो, हे आपल्या शिक्षणाचे फळ आहे.

शिक्षणाने मुलाच्या कामापर्यंत चालत जावे, हा विचार आपल्या जिल्ह्यास परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. तिचे अनुकरण मात्र करीत नाही.

आमची मागणी अशी, की इयत्ता पाचवीपासून स्थानिक शेती हा विषय वेळापत्रकात यावा, त्यास गुण असावेत, आणि तो शिकवण्यास गावातील जाणत्या शेतकरी स्त्री-पुरुषांस मानधन देऊन बोलावावे. बियाणे निवडून कणगीत कसे जपावे हे सांगणाऱ्या आजीस वर्गात खुर्ची मिळाली, तर तिच्या नातीस पुस्तकाविषयीही अधिक आदर वाटेल, अशी आमची खात्री आहे. मात्र मुलांकडून शाळेच्या शेतात फुकट मजुरी करून घेणे म्हणजे कृषिशिक्षण नव्हे. ते जेथे होईल तेथे ग्रामसभेने हरकत घ्यावी.

राबाने काय साधते आणि पालापाचोळा वर्षानुवर्षे जाळल्याने डोंगराचे काय होते, या दोन्ही बाजू विज्ञानाच्या तासास मांडाव्यात. सातबारा कसा वाचावा, फेरफार म्हणजे काय, २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्यावर कोणते हक्क पोहोचतात, हे दहावीपूर्वी प्रत्येकास उमगले पाहिजे. ज्यास स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नाही, त्याची जमीन दुसरा कोणी वाचतो. आणि जो पुढे शिकू इच्छितो, त्यास १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ, कर्जतचे भात संशोधन केंद्र, कृषी पदविका, पशुवैद्यक, रोपवाटिका, मोगऱ्याची लागवड, या वाटा नववीतच प्रत्यक्ष दाखवाव्यात. आपल्या तालुक्यांतील मुलगी कृषी अधिकारी होऊन याच उतारांवरील नागलीची पीकपाहणी करू शकते. तशी इच्छा तिच्या मनात येण्यास तो मार्ग आहे हे तिला कोणीतरी सांगावे लागेल.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावीपासून व्यवसायांचा परिचय आणि सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचविले आहे. ते दहा दिवस येत्या आषाढात आवणीच्या खाचरावर आणि कार्तिकात खळ्यावर घालवावेत, असा ठराव प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने जूनच्या पहिल्या सभेत करावा, त्याची प्रत ग्रामसभेपुढे ठेवावी आणि जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयास पोहोच घेऊन द्यावी.