निवडायचा कंटाळा नको



"मॅस्टोडॉन नको बाई, आधी सर्व्हरच निवडायला सांगतं!" आमच्या कामतघरात हे मी सारखं ऐकते. मला हे अजिबात पटत नाही. जीमेलवरून याहूला मेल जातेच ना? तसंच इथे. सर्व्हर वेगळा असला तरी मैत्रिणीशी बोलता येतं.

२०१९ मध्ये ट्विटरने वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा कितीतरी भारतीय मॅस्टोडॉनवर आले. २०२२ मध्ये एलॉन मस्कने ट्विटर ४४ अब्ज डॉलरला घेतलं. भाडेकरूंसकट चाळ विकली गेली; भाडेकरूंना कोणी विचारलं?

इथे मालक एकच नाही, म्हणून तर निवडायचं. सर्व्हरचे नियम वाचा, खातं उघडा, दोन ओळींत ओळख लिहा, ओळखीच्या चौघींना फॉलो करा. नाही पटलं तर सर्व्हर बदला. फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. आणि खाजगी निरोप सर्व्हर चालवणारा वाचू शकतो, म्हणून घरातल्या गोष्टी तिथे नकोत.

मेथीचं पानन्‌पान उलटून बघणाऱ्या आपण. पाच मिनिटं नियम वाचणं आपल्याला जड जावं?