दारातली ‘एसयूव्ही’ आणि कापसाचा हंगाम

मानवत (जि. परभणी) : २२ सप्टेंबर २०२५ हा घटस्थापनेचा दिवस होता. वस्तू व सेवा कराचे नवे दर त्याच दिवसापासून लागू झाले. मोठ्या इंजिनाच्या, चार मीटरहून लांब ‘एसयूव्ही’ गाड्यांवर तोवर २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर, असा एकूण ५० टक्क्यांचा भार होता. तो ४० टक्क्यांवर आला. फॉर्च्युनरसारख्या गाडीची किंमत साडेतीन लाख रुपयांपर्यंत उतरली. शहरांतील दालनांसमोर नारळ फुटत असताना मराठवाड्यात मात्र त्याच आठवड्यात अतिवृष्टीने थैमान घातले होते. गोदाकाठची रानेच्या राने पाण्याखाली गेली. परभणी जिल्ह्यात वेचणीला आलेला कापूस आणि काढणीला आलेले सोयाबीन डोळ्यांदेखत सडले. स्वस्ताई आणि नुकसान यांची गाठ एकाच आठवड्यात पडावी, हा योगायोगच. पण तालुक्याच्या गावातील बड्या गाडीचे अर्थकारण समजून घ्यायचे, तर या योगायोगापासूनच सुरुवात करावी लागते.

मानवत हे कापसाचे गाव. येथील बाजारपेठेची कीर्ती मराठवाड्यात जुनी आहे. हंगामात जिनिंगच्या दारात कापसाने भरलेल्या वाहनांची रांग लागते आणि त्या रांगेच्या कडेने एखादी पांढरीशुभ्र, उंच गाडी धूळ उडवीत निघून जाते. तिचा धनी कोण, हे गावाला नंबरावरून कळते. तो व्यापारी असतो, कंत्राटदार असतो, पुढारी असतो. अलीकडे भूसंपादनाचा मोबदला हाती आलेला शेतकरीही त्यात असतो. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. वादग्रस्त शक्तिपीठ महामार्गाच्या नकाशातही जिल्ह्याचे नाव आहे. जमिनीचा पैसा एकदाच येतो आणि तो ठोक येतो. अशा पैशाला मोठी वस्तू खुणावते, यात नवल ते काय?

तसे पाहिले तर या आकर्षणाचा इतिहास आता जुना झाला आहे. महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या १०९ अश्वशक्तीच्या इंजिनाचे कोण कौतुक झाले होते! २००९ मध्ये फॉर्च्युनर आली. ऑक्टोबर २०१० मध्ये तर तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी झाल्या आणि देशभरातील वृत्तपत्रांनी या शहराकडे माना वळवल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्के व्याजाने कर्ज दिले. त्या काळी ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून बराच चढा दर मोजावा लागत असे. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये या विसंगतीवर बोट ठेवले होते, ते अनेकांना आठवत असेल.

त्या वादात व्याजदरावर पुष्कळ चर्चा झाली. परतफेडीच्या वेळापत्रकावर मात्र फारशी झाली नाही आणि आमच्या मते खरी मेख तेथेच आहे. ट्रॅक्टरचे कर्ज देताना बँका हप्ता बहुधा सहामाही वा वार्षिक ठेवतात. पीक हाती येण्याच्या वेळेशी त्याचा मेळ घातलेला असतो. मोटारीच्या कर्जाला हंगाम ठाऊक नाही. त्याचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून जातो, मग तो मृगाचा महिना असो की दिवाळीचा. शहरातील पगारदाराला यात काही वावगे वाटणार नाही. मानवतमध्ये मात्र पैसा दिवाळीनंतर येऊ लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने बियाणे, खत आणि फवारणी यांचे. नेमक्या त्याच महिन्यांत गाडीचा हप्ता अंगावर येतो.

आकडेच मांडून पाहू. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ४० लाखांच्या घरात गेली आणि त्यातील ३० लाख नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ४८ हजार रुपये पडतो. म्हणजे वर्षाला पावणेसहा लाखांहून अधिक. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणारी ही गाडी लिटरला दहाच्या आसपास किलोमीटर देते असे मानले आणि डिझेल ९२ रुपयांचे धरले, तर एक लाख ३८ हजार रुपये टाकीत ओतावे लागतात. पहिल्या वर्षांत विमा लाखाच्या आसपास राहतो. देखभालीचे ४०-५० हजार. अठरा इंची चाकाचा एक टायर १५ ते २० हजारांचा. चारही एकदम बदलायची वेळ तीन-चार वर्षांत येतेच. चालकाचा पगार बाजूला ठेवला तरी एकूण बेरीज वर्षाला नऊ लाखांच्या जवळ पोहोचते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एक गाडी दरवर्षी सुमारे ११० क्विंटल कापूस खाते. कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल निघाले तरी शेतकरी समाधान मानतो. या हिशेबाने सोळा-सतरा एकरांचे सगळे उत्पन्न, मजुरी आणि औषधांचा खर्च न वजा करता, गाडीच्या पोटात जाते. हाही हिशेब हमीभावाचा झाला. कापसावरील आयात शुल्क ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात माफ असताना खुल्या बाजारात तेवढाही भाव मिळत नव्हता.

इंधनाच्या बाबतीत परभणीकरांचे दुखणे वेगळेच आहे. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पेट्रोलच्या दरांनी उच्चांक गाठला, तेव्हा राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलचे गाव म्हणून परभणीचे नाव बातम्यांत झळकले. कारण साधे आहे. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर चालून येतो आणि त्याचे भाडे ग्राहकाच्या माथी बसते. ऐंशी लिटरची टाकी भरणाऱ्याला हा फरक दुचाकीवाल्यापेक्षा अधिक जाणवत असेल की कमी, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खिशाचा.

खर्चाचे एवढे कळले तरी खरी अडचण उरतेच आणि ती इंजिनाच्या स्वभावात आहे. आजच्या फॉर्च्युनरचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन २०० अश्वशक्तीहून अधिक ताकद आणि स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीत ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीत, जोडणी होणाऱ्या ऑडी क्यू-७ चे पेट्रोल इंजिन ३४० अश्वशक्तीचे आहे; शून्यावरून शंभराचा वेग ती सहा सेकंदांच्या आत गाठते. एवढी ताकद लांब पल्ल्याच्या, मोकळ्या रस्त्यासाठी असते. मानवतमधील गाडीचा दिवस कसा जातो? घर ते बाजार समिती, तेथून जिनिंग, दुपारी शेत, संध्याकाळी एखादे लग्न किंवा बैठक. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, त्याही सावकाश.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत चढावे लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही. काजळी साचत जाते, काट्यांच्या पाटीवर पिवळा दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो आणि एके दिवशी इंजिन स्वतःच आपली ताकद आखडून घेते. गाळणी बदलण्याचा खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. उपाय फुकटचा आहे : आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ६१ वर परभणी किंवा पाथरीच्या दिशेने एकसारख्या वेगाने गाडी नेऊन आणावी. वाहन खरेदीच्या उत्साहात ही गोष्ट सांगायची राहून जाते, किंवा सांगितलेली ऐकायची राहून जाते. काही गाड्यांत याशिवाय युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते पूर्ण संपले तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो बिघडली की गावातला फिटर पाने-पकडीने ती उभी करीत असे. नव्या गाडीला आधी संगणक जोडावा लागतो. महागड्या परदेशी बनावटीच्या गाडीसाठी तर थेट छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. ते अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. बंद पडलेली गाडी तेवढे अंतर ट्रकच्या पाठीवर जाते आणि तिचा मालक मागाहून एसटीने.

धुळीचा उपद्रव वेगळाच. कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची भुकटी यांनी हवेची गाळणी पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी कोंदते. शहरातील वेळापत्रक येथे लागू पडत नाही. पावसाळ्यात आणखी एक गंमत दिसते. रुबाबासाठी घेतलेल्या बहुसंख्य गाड्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या नसतात. ती आवृत्ती काही लाखांनी महाग पडते. काळ्या रानाच्या चिखलात अशी गाडी रुतली की ओढून काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

पुराची गोष्ट मात्र गमतीची नाही. गाडी उंच आहे म्हणून ओढ्याच्या पाण्यात घालण्याचा मोह होतो. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरले, तर सिलिंडरमध्ये ते दाबले जात नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. त्यानंतर चालकाने चावी फिरवून पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की नुकसान वाढतेच, शिवाय विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल, तर नेहमीचा सर्वसमावेशक विमा अशा वेळी सहसा उपयोगी पडत नाही. त्या कलमाचा हप्ता काही हजारांचा असतो आणि चाळीस लाखांच्या खरेदीत नेमका तोच वाचवला जातो.

रस्त्याचाही विचार हवा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला. त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेल्या टायरने हा वेग धरणे म्हणजे काय, हे तेथील टायर फुटून झालेल्या अपघातांनी दाखवले आहे. इकडे गावाकडच्या रस्त्यांवर रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली केव्हाही समोर येते. अडीच टनांच्या आसपास भरलेली गाडी थांबायला लागणारे अंतर कोणत्याही अश्वशक्तीने कमी होत नाही. ते टायर आणि ब्रेक यांच्यावर ठरते. खर्चात काटकसर करायची वेळ आली की नेमकी याच दोन गोष्टींची मुदत वाढवली जाते.

आता जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे पाहू. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या स्वस्तात अन्य राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत आठ-नऊ वर्षांची आलिशान जर्मन ‘एसयूव्ही’ मिळते, ही बातमी तालुक्याच्या तरुणांपर्यंत मोबाइलवरून केव्हाच पोहोचली आहे. विकत घेताना गाडीची किंमत चौथाईवर आलेली असते. तिचे एअर सस्पेन्शन, गिअरबॉक्समधील झडपा, टर्बोचार्जर यांच्या किमती मात्र नव्या गाडीच्याच राहतात. हवेवर तोलणाऱ्या सस्पेन्शनची चार पायांपैकी एक बाजू जरी बसली, तरी दुरुस्तीचे अंदाजपत्रक लाखाचा आकडा ओलांडू शकते. अशा गाडीवर बँक सहसा नव्या गाडीपेक्षा अधिक व्याज लावते. पुष्कळदा पैसा खासगी सावकारीतून किंवा पतसंस्थेतून उभा राहतो.

सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याच्या टायर व सुट्या भागांवरील करही १८ वरून ५ झाला. म्हणजे ट्रॅक्टर घेणे आणि सांभाळणे दोन्ही स्वस्त झाले. बड्या गाडीची खरेदीही स्वस्त झाली. तिच्या दुरुस्तीच्या बिलावर मात्र १८ टक्के कर आकारला जातो.