आरोग्यविचार : दवाखान्यातील वही आणि पावसाळी ताप

आषाढ-श्रावणाच्या सरींबरोबर पडसे-खोकलाही घरोघरी शिरतो. ‘पावसाळी ताप, तीन दिवसांत उतरेल,’ असे म्हणून सुंठ-तुळशीच्या काढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. आणि बहुधा तो उतरतोही. तथापि अशा साध्या दिसणाऱ्या तापांतच पुष्कळदा इन्फ्ल्युएंझा दडलेला असतो. तरण्याताठ्या माणसास तो चार-सहा दिवस अंथरुणास खिळवून सोडून देतो. परंतु सत्तरी उलटलेले आजोबा, गर्भवती सूनबाई, दमेकरी आत्याबाई आणि पाळण्यातील मूल यांच्या तो जिवावर बेतू शकतो. म्हणून तो गावात केव्हा आला हे वेळीच कळणे अगत्याचे असते. आणि ते प्रथम कळते ते शहरातील मोठ्या इस्पितळात नव्हे, तर गावच्या लहानशा दवाखान्याच्या वहीत.

रायगड जिल्ह्यातील नागोठणे हे गाव उदाहरणादाखल घेऊ. आंबा नदीच्या काठचे हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसले आहे. येथे आगगाडीचे स्थानक आहे, जवळच पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना आहे. मुंबईची साथ येथे पोहोचण्यास एक दिवसही पुरे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्ल्युएंझाने पाऊल टाकले, तेव्हा कुलाबा जिल्ह्याचा मुंबईशी व्यवहार आगबोटीने धरमतरच्या मार्गे चाले. पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी उसळली. तिने ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे नेली, आणि देशभरात मिळून एक कोटीहून अधिक. खेड्यांतून मृत्यूंची नोंद होई, परंतु तापाचे रोगी मोजण्याची व्यवस्था नव्हती. मृत्यूंच्या आकड्यांवरून साथ होऊन गेल्यावर हळहळावे लागते. रोग्यांच्या आकड्यांवरून ती आरंभीच ओळखता येते.

मोजदादीची रीत साधी आहे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक, जोडीला खोकला, आणि दुखणे गेल्या दहा दिवसांत सुरू झालेले, अशा रोग्यास ‘इन्फ्ल्युएंझासदृश’ म्हणून नोंदतात. नुसत्या संख्येवर मात्र भागत नाही. बाजाराच्या दिवशी रोगी अधिक येणारच. म्हणून शंभर रोग्यांत असे किती, आणि मागील वर्षी याच आठवड्यात किती होते, हे ताडून पाहतात. भारतात २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पानुसार उपकेंद्रातील आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्या नोंदी जिल्ह्यास जातात. पूर्वी कागदाने, आता संगणकाने. तापाचे खरे नाव ठरते ते नाका-घशातील स्राव तपासल्यावर. १९५२ साली स्थापन झालेली पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या कामी अग्रेसर आहे. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला, तेव्हा तिचे महत्त्व सामान्य जनांसही उमगले. देशोदेशींच्या अशाच नमुन्यांवरून पुढील लशीत कोणते विषाणू घ्यावयाचे, हे ठरविले जाते.

लहान गावच्या वहीस कमी लेखू नये. इंग्लंडातील वेन्स्लीडेल या खोऱ्यात डॉ. विल्यम पिकल्स यांनी वर्षानुवर्षे अशा नोंदी ठेवल्या व त्यांवरून १९३९ साली ग्रंथ लिहिला. खेड्यात कोण कोणास कोठे भेटले हे सर्वांस ठाऊक असते. त्यामुळे रोगाचा माग तेथेच उत्तम लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या सुशिक्षित कुटुंबांविषयी थोडे स्पष्ट बोलावयास हवे. आपल्यापैकी बहुतेकांचा कोणी भाचा वा पुतण्या डॉक्टर असतो. त्यास फोन करून औषध विचारले, दुकानातून आणले, की काम झाले. घरातील पाच माणसे तापाने निजलेली असतात, पण गावच्या वहीत त्यांतील एकाचीही नोंद नसते! उद्या शेजारच्या वाडीत कोणी अत्यवस्थ झाले, तर ‘साथ आधी का कळली नाही?’ असे विचारण्याचा अधिकार आपणांस कितपत उरतो?

थंड देशांत हा रोग हिवाळ्यात बळावतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य जोर जुलै ते सप्टेंबर असतो. नेमक्या याच दिवसांत गणपतीसाठी मुंबई-पुण्याची मंडळी कोकणातील घरी उतरतात, आणि एका माजघरात वीस-पंचवीस माणसे निजतात. म्हणून ज्यास ताप-खोकला आहे त्याने दोन दिवस उशिरा यावे. गणपतीबाप्पा रागावणार नाहीत. दवाखान्यात ताप कोणत्या दिवशी चढला ते नेमके सांगावे, कारण या रोगावरील औषध पहिल्या ४८ तासांत घेतल्यास विशेष गुणकारी ठरते. घरात आणखी किती आजारी आहेत तेही सांगावे, व स्राव तपासणीस देण्यास कुरकुरू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांस, दमेकऱ्यांस व गर्भवतींस डॉक्टरांच्या सल्ल्याने मृग लागण्यापूर्वीच, एप्रिल-मे महिन्यांत, इन्फ्ल्युएंझाची लस टोचून घ्यावी. हा विषाणू वरचेवर रूप पालटतो, तेव्हा गतवर्षीची लस यंदा पुरत नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.