अडत कुणाच्या माथी?

२०२५ साली, सोमवारी १ सप्टेंबरला, गौरी जेवल्या त्या रात्री पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक वेगळंच जागरण चाललं होतं. वडीलधारी मंडळी पुरणपोळीने सुस्तावून आडवी झाली होती. कोपऱ्यात पोरं फोनवर डोळे लावून बसली होती. इंग्लंडमधला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हंगामी बाजार त्या दिवशी बंद व्हायचा होता आणि आपल्या घड्याळात ती वेळ होती रात्री साडेअकराची. अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल सोडून लिव्हरपूलला गेला. किंमत साडेबारा कोटी पौंड, म्हणजे जवळजवळ दीड हजार कोटी रुपये. ब्रिटनमध्ये एका खेळाडूसाठी एवढी रक्कम त्याआधी कुणी मोजली नव्हती. प्रीमियर लीगच्या वीस क्लबांनी त्या उन्हाळ्यात मिळून तीन अब्ज पौंडांहून जास्त उधळले.

गंमत म्हणजे, गौरीच्या रात्री जागलेल्या त्या पोरांच्या तोंडी गोल नव्हता, पास नव्हता. होता तो हिशेब. करार किती वर्षांचा, वर्षाला किती रक्कम खर्ची पडणार, तीन वर्षांचा तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या आत बसतो की नाही. एकेकाळी चौकातल्या कट्ट्यावर ‘पेनल्टी होती की नव्हती’ यावरून हातघाई व्हायची. आज तोच कट्टा सनदी लेखापालाच्या कचेरीसारखा बोलतो. यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. एव्हर्टनचे आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण मैदानात गेले नाहीत, लीगने घातलेली तोट्याची मर्यादा ओलांडल्याने वहीखात्यात गेले. न्यूकॅसलने एलियट अँडरसन हा घरचा पोरगा २०२४च्या जूनमध्ये विकला तोही याच वहीखात्यासाठी. घरी घडवलेला खेळाडू विकला की आलेली सगळी रक्कम नफ्यात धरता येते! प्रेक्षक हिशेबनीस झाला, कारण खेळच हिशेबात शिरला.

मात्र या हिशेबातली एक ओळ कट्ट्यावर फारशी निघत नाही. ती एजंटाची. आपल्या भाषेत अडत्याची.

इंग्लंडची फुटबॉल संघटना दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते. कोणत्या क्लबने वर्षभरात एजंटांना किती पैसे दिले, हे त्यात क्लबच्या नावानिशी असतं. फेब्रुवारी २०२५पर्यंतच्या वर्षात प्रीमियर लीगच्या क्लबांनी मिळून ४० कोटी ९० लाख पौंड एजंटांच्या हातावर ठेवले. त्यातले सहा कोटींहून जास्त एकट्या चेल्सीचे. हा पैसा ना गवताला लागला, ना मुलांच्या अकादमीला, ना तिकीट स्वस्त करायला.

इथे बाजार समितीची आठवण होणं अपरिहार्य आहे. फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की खरेदीदाराकडून घ्यायची, यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं रण पेटलं, बाजार बंद पडले, आणि २०१६ साली सरकारने ती खरेदीदारावर टाकली. त्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती. अडत्या नेमका कुणाचा माणूस आहे, हे ठरल्याशिवाय अडत कुणी द्यायची हे ठरत नाही. फुटबॉलमध्ये नेमकं हेच कधी ठरलं नाही. एजंट नेमतो खेळाडू, पैसे मोजतो क्लब. पुष्कळदा तोच एजंट विकणाऱ्याचाही असतो आणि घेणाऱ्याचाही. पॉल पोग्बा २०१६ साली युव्हेंटसहून मँचेस्टर युनायटेडला ८ कोटी ९० लाख पौंडांना गेला. त्याचा एजंट मिनो रायोला याने त्या एका सौद्यात तिन्ही बाजूंकडून पैसे घेतल्याचं पुढे फुटलेल्या कागदपत्रांतून समोर आलं. भाजीबाजारातही एवढं कुणी खपवून घेतलं नसतं.

फिफाने यावर लगाम घालायचा प्रयत्न केला, पण आधी लगाम सोडला होता तोही तिनेच. २०१५च्या एप्रिलमध्ये तिने एजंटांची परवाना पद्धत मोडीत काढली आणि कुणीही उठून मध्यस्थ व्हायला लागला. मग २०२३मध्ये परवाना परत आला, लेखी परीक्षा आली आणि दलालीला मर्यादा आली. मोठ्या पगाराच्या खेळाडूच्या एजंटाला ३ टक्के, लहान पगाराच्या खेळाडूच्या एजंटाला ५, विकणाऱ्या क्लबच्या एजंटाला १०. एजंट कोर्टात गेले. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या न्यायालयाने मनाई दिली. इंग्लंडमधल्या लवादाने नोव्हेंबर २०२३मध्ये सांगितलं की ही मर्यादा स्पर्धा कायद्यात बसत नाही. वर्षअखेरीस फिफाने ते नियम जगभर स्थगित केले. परीक्षा राहिली, मर्यादा गेली.

आम्हाला स्वतःला टक्क्यांची मर्यादा एवढी महत्त्वाची वाटत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला एका बाजूला अब्जाधीश क्लबचे वकील आणि दुसऱ्या बाजूला त्याचा भाबडा बाप असं बसवलं, तर करार कुणाच्या सोयीचा होईल हे सांगायला नको. चांगला एजंट म्हणजे त्या पोराचं कवच असतो. त्याने मेहनताना घ्यावा, भरपूर घ्यावा. पण तो खेळाडूने आपल्या खिशातून द्यावा आणि एका सौद्यात एजंटाला एकच धनी असावा. एवढं पाळलं तरी निम्मा रोग बरा होईल. खिशातून द्यायची वेळ आली की माणूस घासाघीस करतो.

इंग्लंडने २१ जुलै २०२५ला जो फुटबॉल प्रशासन कायदा केला तो या भानगडीत पडलेला नाही. खेळाडूंच्या बदल्या आणि एजंटांची दलाली या कायद्याने आणलेल्या नव्या नियामकाच्या कक्षेबाहेर आहेत. तरीही हा कायदा मोठा आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये बरी हा सव्वाशेहून अधिक वर्षांचा क्लब लीगमधून हाकलला गेला, कारण मालकाला खर्चाची तोंडमिळवणी दाखवता आली नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपीय सुपर लीग या वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला आणि समर्थक रस्त्यावर उतरताच दोन दिवसांत शेपूट घातलं. त्यानंतर तत्कालीन खासदार ट्रेसी क्राउच यांचा समर्थककेंद्री अहवाल आला, विधेयक आलं, सरकार बदललं, आणि नव्या सरकारने तेच विधेयक पुन्हा आणून पार पाडलं. आता वरच्या पाच स्तरांतल्या पुरुषांच्या क्लबांना खेळायला परवाना लागेल. मालकाची आणि त्याच्या पैशाच्या उगमाची तपासणी होईल. मैदान विकायचं, हलवायचं तर नियामकाची संमती लागेल. बोधचिन्ह आणि घरच्या सामन्याच्या जर्सीचे रंग यांना समर्थकांना विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही.

गरज किती होती, हे त्याच उन्हाळ्याने दाखवलं. शेफील्ड वेन्सडेच्या खेळाडूंचे पगार थकले. हंगामाच्या पहिल्या सामन्याला त्यांचे समर्थक लेस्टरपर्यंत गेले आणि पहिली पाच मिनिटं गॅलरी रिकामी ठेवून मगच जागेवर बसले. मोरेकॅम क्लब तर बंद पडायच्या बेतात होता. ऑगस्टच्या मध्याला पंजाब वॉरियर्स या गटाने तो घेतला आणि अश्वीर सिंग जोहल या तरुण शीख प्रशिक्षकाला नेमलं.

आता पुण्याकडे वळू. ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची आहे असं समजणाऱ्या पुणेकराने ब्लॅकबर्नच्या माणसाशी एकदा बोलून पाहावं. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक आणि १९९५चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१०मध्ये तो पुण्याच्या व्यंकीज समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. त्या खरेदीत सल्लागार म्हणून एक क्रीडाहक्क कंपनी होती आणि तिच्या जोडीला एक नावाजलेली एजंट संस्था. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम अ‍ॅलरडाइस यांना नारळ मिळाला, त्यांच्या जागी स्टीव्ह केन आले. क्लबच्या निर्णयांत एजंट मंडळींचा हात किती, यावर इंग्लंडमध्ये तेव्हा भरपूर शाई खर्ची पडली. ७ मे २०१२ला विगनकडून हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कोंबडीच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या मालकांना याहून बोचरा निरोप काय द्यायचा!

मालकांची बाजूही सांगायला हवी. क्लबचा तोटा पंधरा वर्षं त्यांनी आपल्या पैशाने भरला. अलीकडे तर ते पैसे भारतातून पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि ब्लॅकबर्नच्या माणसाला दिल्लीतल्या तारखांचा हिशेब ठेवावा लागला. पण ब्लॅकबर्नची तक्रार पैशांपुरती कधीच नव्हती. मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत, ही होती. नवा कायदा मालकांना समर्थकांपुढे बसायला लावतो, आणि आम्हाला त्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि पुण्याच्या स्वतःच्या क्लबांचं काय झालं? पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, आज नाही. भारत एफसी एक हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नारिंगी जर्सी घालून येणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही. विंबल्डनचा क्लब २००३ साली असाच मिल्टन कीन्सला हलवला गेला. पण तिथल्या समर्थकांनी वर्षभर आधीच, २००२मध्ये, स्वतःचा नवा क्लब काढला होता आणि तो २०११ला फुटबॉल लीगमध्ये पोचलाही. पुण्यात तेवढी मुळं रुजायलाही वेळ मिळाला नाही. उलट कोल्हापुरात जाऊन पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम उद्यापासून हैदराबादला खेळणार असं कुणी सांगून पाहावं. सांगणाऱ्याला शाहू स्टेडियमबाहेर सुखरूप पोचवायला पोलीस बंदोबस्त लागेल. तिथे क्लब पेठेचा आहे, त्याला कायद्याने वेगळं कुंपण घालायची गरज पडत नाही.

जिथे पेठ नाही, तिथे मात्र कुंपण लागतं. ज्या जुलैत इंग्लंडने कायदा केला, त्याच जुलैत आपली इंडियन सुपर लीग बेमुदत थांबवली गेली, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपत होता. २ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने नवा व्यावसायिक भागीदार शोधण्यासाठी खुली निविदा काढायला मोकळीक दिली. प्रक्षेपणाचे दर, हमीची रक्कम, जाहिरातींचे हक्क हे सगळं अशा निविदेत येतंच. महासंघाला आमची विनंती एवढीच आहे की त्यात आणखी दोन कलमं घालावीत. क्लब बंद करायचा किंवा दुसऱ्या शहरात न्यायचा असेल, तर आधी त्या शहरातल्या समर्थकांना लेखी विचारावं. आणि कोणत्या क्लबने कोणत्या एजंटाला किती पैसे दिले, हे दरवर्षी नावानिशी जाहीर करणं प्रत्येक क्लबवर बंधनकारक असावं.