टेबल आठचे, आम्ही पावणेनऊला

'आरक्षण' हा शब्द आपल्या घरात निघाला की बोलणे शिक्षणाकडे, नोकरीकडे आणि शेवटी बाबासाहेबांकडे वळते. बाहेर हाच शब्द काढला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. आज मात्र आम्ही अशा आरक्षणाविषयी लिहिणार आहोत की ज्याला कोणाचाच विरोध नाही. ते म्हणजे जेवणाच्या टेबलाचे आरक्षण, आणि तेही समुद्रावर फिरणाऱ्या क्रूझ जहाजावरचे.

"हे श्रीमंतांचे चोचले आपल्या पानावर कशाला?" असे काही वाचक विचारतील. त्याला कारणे दोन आहेत. पहिले, आता आपलीही माणसे या जहाजांवर जाऊ लागली आहेत. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा देशातल्या देशात होणाऱ्या सफरीही क्रूझ जहाजावरून निघू लागल्या. मुलगा-मुलगी नोकरीला लागली की ज्या आईवडिलांनी चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना शिकवले, त्यांना दोन रात्री समुद्र दाखवून आणतात. दुसरे कारण असे की, या जहाजांच्या भटारखान्यात आणि जेवणघरात मुंबई, कोकण आणि गोव्याची कितीतरी मुले राबत असतात.

आमच्या आधीच्या पिढीला बोट माहीत होती ती भाऊच्या धक्क्याची. कोकणातून पोट भरायला मुंबईला येणारी माणसे डेकवर गाठोड्याला टेकून रात्र काढीत आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडून खात. तेथे टेबल नव्हते आणि टेबलाची वेळही नव्हती. त्यामुळे या नव्या बोटीवरची रीत आपल्याला कोणी शिकवली नाही. आम्हीही ती ठेच लागल्यावरच शिकलो.

झाले असे. मुलीने तिकिटे काढून दिली आणि आम्ही दोघे मुंबईहून निघालो. पहिल्याच दुपारी जहाजावरच्या एका जेवणघरात रात्री आठचे टेबल आमच्या नावाने राखून ठेवले. संध्याकाळी जहाज सुटले. मुंबईचे दिवे मागे पडताना पाहत आम्ही डेकवर उभे राहिलो. तेवढ्यात एका गाववाल्याची ओळख निघाली, गप्पा रंगल्या. पत्नी दोनदा म्हणाली, "अहो, आठ वाजले." आम्ही म्हणालो, "टेबल कुठे पळून जातंय!" जेवणघराच्या दारात पोहोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते, आणि टेबल पळून गेलेले होते.

दारातल्या माणसाने नम्रपणे सांगितले की टेबल दुसऱ्यांना दिले आहे. आमच्या डोक्यात तिडीक गेली. आत सुटाबुटातली मंडळी जेवत होती, आणि आमच्या मनात एकच विचार आला, आपल्याला पाहूनच नाही म्हणाले! आम्ही मोठ्याने बोललो. "आम्ही काय फुकट आलोय? बाबासाहेबांची लेकरं आहोत, असल्या दारातून परत जायचे दिवस गेले," असेही बोलून गेलो. पत्नीने हात धरला.

तेव्हा आतून एक तरुण वेटर आला. हळूच म्हणाला, "काका, जयभीम. जरा इकडे या." मुलगा चिपळूणकडचा निघाला. म्हणाला, "तुमचं नाव आठ वाजता पुकारलं. सव्वाआठपर्यंत टेबल तसंच ठेवलं. केबिनमध्ये फोनही केला. मग ते मीच दुसऱ्यांना दिलं. पाच माणसं उभी होती, त्यांत एक आजी होत्या. काका, यात बाकी काही नाही. फक्त उशीर झाला."

त्या मुलाने आम्हाला बुफेकडे नेऊन बसवले आणि दुसऱ्या दिवसाची आठची वेळ लिहून दिली. जेवण चांगले होते, पण घास उतरेना. कारण आम्ही ज्याच्यावर जातीचा संशय घेतला, त्याने आमचा काहीही अपराध केला नव्हता.

वाचकहो, हा संशय आपल्या मनात उगाच येत नाही. 1917 च्या सुमारास बाबासाहेब परदेशातून एवढी विद्या घेऊन बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका उतारूघरात ते राहिले, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन अंगावर आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. तेथे प्रश्न वेळेचा नव्हता, भाड्याचा नव्हता, वागणुकीचाही नव्हता, फक्त जातीचा होता. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. हा हक्क फार मोठ्या किमतीने मिळालेला आहे. तो आपल्या आळसावर पांघरूण घालायला वापरला, तर जेथे खरोखर अन्याय होईल तेथे आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. आपली बाजू स्वच्छ असली तरच आवाज ठाम निघतो.

आता ही व्यवस्था चालते कशी, ते सांगतो. मोठ्या जहाजांवर जेवणाच्या जागा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली बुफेची. तेथे आरक्षण लागत नाही, ताट घ्यावे आणि बसावे. दुसरे मुख्य जेवणघर. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी तिकिटातच धरलेले असतात. पुष्कळ जहाजांवर तेथे रात्रीच्या दोन पंगती होतात. पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराला आणि दुसरी आठ-साडेआठच्या सुमाराला. सफरभर तेच टेबल आणि तेच वाढणारे. काही जहाजांवर रोज वेगळी वेळ ठरवण्याचीही सोय असते. तिसरी खास जेवणघरे. त्यांचे पैसे सहसा वेगळे पडतात, टेबले थोडी असतात आणि आरक्षण बहुधा लागतेच.

आरक्षण जहाजाच्या मोबाईल ॲपवर, केबिनमधल्या फोनवरून किंवा जेवणघराच्या दाराशी जाऊन करता येते. जहाजावर चढल्याच्या दिवशीच करावे, कारण चांगल्या वेळा लवकर संपतात. त्याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. उशीर झाला तर टेबल किती मिनिटे ठेवता? पुष्कळ ठिकाणी हे पंधरा मिनिटांच्या आसपास असते. रद्द करायचे तर किती आधी कळवायचे? आणि न कळवता आलो नाही तर पैसे कापता का? काही जहाजांवर ते कापले जातात आणि सफर संपताना बिलात दिसतात. मग तेथे वाद घालून उपयोग नसतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. मुंबई-गोव्याला वेळ बदलत नाही. पण परदेशी सफरीत जहाज एका देशातून दुसऱ्या देशात जाते, आणि खिशातला मोबाईल किनाऱ्यावरची वेळ पकडून आपोआप बदलतो. जहाजावर मात्र जहाजाची वेळ चालते. मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. रोज केबिनमध्ये किंवा ॲपवर दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यावरून घड्याळ लावून घ्यावे. जेवणानंतर नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम बघायचा असेल, तर खास जेवणघरातल्या जेवणाला दोन तास सहज लागतात, हे धरून वेळ ठरवावी.

टेबल वेळेवर का सोडवून घ्यायचे, हे त्या चिपळूणच्या मुलाने दुसऱ्या दिवशी आम्हाला समजावले. पहाटे उठून तो नाश्त्याच्या कामाला उभा राहतो. दुपारचे जेवण, मधे थोडी पाठ टेकायची, मग रात्रीच्या दोन पंगती. पहिली पंगत उठली की तासाभरात टेबलक्लॉथ, काचेचे पेले, काटे-चमचे सगळे बदलून दुसरी पंगत बसवायची. एक कुटुंब अर्धा तास उशिरा आले की भटारखान्यातली क्रमवारी बिघडते, मागच्याला ताटकळावे लागते आणि वाढणाऱ्याची झोप अर्ध्या तासाने कमी होते. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्यात आपल्यासारखी रविवारची सुट्टी नसते.

या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. 2006 चा सागरी कामगार करार 20 ऑगस्ट 2013 पासून अमलात आला आणि भारताने 2015 साली त्याला मान्यता दिली. त्यात किमान विश्रांती सांगितली आहे ती 24 तासांत 10 तास आणि सात दिवसांत 77 तास. हे दहा तासही दोन तुकड्यांत देता येतात, फक्त त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. म्हणजे नियम पाळला तरी झोप किती मिळत असेल, याचा हिशेब आपल्या कष्टकरी वाचकांना वेगळा सांगायला नको. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. कामगाराच्या एकेका तासाची किंमत ज्यांनी ओळखली, त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी दुसऱ्या कामगाराचा अर्धा तास गप्पांत घालवू नये. पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घ्यायचे नाही, यात दुसऱ्याची वेळही आली, असे आम्हाला त्या रात्रीपासून वाटू लागले आहे.

आता चार रीती. ठरल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी दाराशी जावे, नाव आणि केबिन नंबर सांगावा आणि कोणी घेऊन जाईपर्यंत थांबावे. रिकामे टेबल दिसले म्हणून आपण होऊन बसू नये. चौघांचे सांगितले असेल तर चौघेच जावे, वाटेत भेटलेल्या दोघांना ओढून नेऊ नये. माणसे वाढणार किंवा कमी होणार असतील, उशीर होणार असेल, तर केबिनमधून फोन करावा. एका फोनने पुष्कळ राग वाचतो. शाकाहारी असाल, मधुमेह असेल, शेंगदाणा किंवा कोळंबी चालत नसेल, तर ते आरक्षण करतानाच सांगावे, ताट समोर आल्यावर नव्हे.

कपड्यांची भीती बाळगू नये. रात्रीच्या जेवणघरात बनियन, पोहण्याचे कपडे, समुद्रावरची अर्धी चड्डी चालत नाही. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट आणि पँट पुरते. ज्या रात्री थाटाचा पोशाख सांगितलेला असतो, तेव्हाही आपल्या आयाबहिणींची पांढरी किंवा निळी साडी कुठेच कमी पडत नाही. काटे-चमच्यांचीही लाज नको. येत नसेल तर वाढणाऱ्याला विचारावे, किंवा हात स्वच्छ धुऊन हाताने खावे. आत जाताना हात धुणे तर सर्वांनाच बंधनकारक समजावे, कारण बंदिस्त जहाजावर पोटाचे आजार झपाट्याने पसरतात.

वेटरला चुटकी वाजवून किंवा "ए" म्हणून बोलावू नये. छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचून नावाने हाक मारावी. ताटात लागेल तेवढेच घ्यावे. आणि जसे वेळेवर यावे तसे वेळेवर उठावे. गोड खाऊन झाल्यावर तासभर पाय पसरून बसलो, तर दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या आजींचे टेबल आपण अडवतो.

एवढे करूनही कोणी खरोखर हीन वागणूक दिली तर? तर मुळीच गिळून घेऊ नये. वेळ, जागा आणि त्या माणसाच्या पट्टीवरचे नाव लिहून ठेवावे, जेवणघराच्या मुख्य माणसाला भेटावे, तेथे दाद लागली नाही तर जहाजाच्या चौकशी कक्षात लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत ठेवावी. आरडाओरडा करण्यापेक्षा कागद जास्त बोलतो, हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो आहोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पावणेआठलाच दाराशी उभे होतो. आदल्या रात्रीच्या त्याच माणसाने हसून आमचे नाव पाहिले आणि खिडकीजवळचे टेबल दिले. आम्ही त्याची माफी मागितली. पत्नी म्हणाली, "बघा, टेबल काही पळून गेलं नाही."

घरी परतल्यावर एका लग्नाची पत्रिका आली. मंगल परिणय सकाळी ठीक 11 वाजता, असे छापले होते. आम्ही पावणेअकराला हजर. मंडपात भन्तेजी होते, भटारखान्यात घामाघूम झालेली माणसे होती आणि रिकाम्या खुर्च्या होत्या. लग्न लागले दीड वाजता. भन्तेजींना दुपारी बारानंतर भोजन घेता येत नाही, हे ठाऊक असूनही कोणाला घाई नव्हती. त्या दिवशी ते उपाशी राहिले. समुद्रावरची रीत शिकायला आम्हाला मुलीच्या पैशाने गोव्यापर्यंत जावे लागले. आपल्या विहारात आणि आपल्या मंडपात ती पाळायला तिकीट लागत नाही.

पुढच्या कार्यक्रमाला भेटूच, पत्रिकेवर असेल त्या वेळेला. जयभीम.