गाणं कुणाचं, रिमोट कुणाचा?

घरात मिक्सर घ्यायचा असला की सगळे आपल्याला विचारतात. कुकर किती लिटरचा, फ्रीज कोणत्या रंगाचा, घरगुती गिरणी घ्यायची की नाही... इथं आपला शब्द चालतो. पण टीव्ही, म्युझिक सिस्टीम, इंटरनेटचं कनेक्शन असले विषय निघाले, की बैठकीत पुरुष मंडळी बसतात आणि आपण चहाचा ट्रे ठेवून परत आत येतो. ‘तुला त्यातलं काय कळतंय?’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण सगळे तसं धरूनच चालतात. माझं म्हणणं साधं आहे. गाणं ऐकायला कान लागतात, आणि दिवसभर घरात जिचे कान असतात तिला या खरेदीत शब्द हवा. आपण नोकरी करत असलो तरी सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघरातच जातात ना? गाण्याची खरी गरज तेव्हाच असते.

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे स्ट्रीमर. आमच्या परभणीत गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात याच शब्दाचा जप चालू आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं मामाच्या डोक्यात भरवून दिलं, ‘मामा, तुमच्याकडे जुना चांगला ॲम्प्लिफायर आहे, मोठे स्पीकर आहेत, त्याला एखादा भारीतला स्ट्रीमर जोडा. मग बघा!’ झालं! यांच्या वहीत नावं आली : वीम, ब्लूसाउंड, केंब्रिज ऑडिओ. किमती दहा-बारा हजारांपासून सुरू होतात आणि काही लाखांवर जातात. आकडे वाचून सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्या पैशात बैलजोडी येती की गं!’

स्ट्रीमर म्हणजे काय, ते आधी सोप्या भाषेत सांगते. हा एक डबा. घरातल्या वायफायवरून तो इंटरनेटवरची गाणी घेतो, आकड्यांच्या रूपात आलेल्या गाण्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो आणि ॲम्प्लिफायरला देतो. पुढं स्पीकर वाजतात. आपण मोबाईल ब्लूटूथनं स्पीकरला जोडतो तेव्हा गाणं मोबाईलमधून जातं. म्हणून फोन आला की गाणं थांबतं, मोबाईल घेऊन गच्चीवर वाळवण बघायला गेलं की तुटायला लागतं. स्ट्रीमर मात्र बहुतेक वेळा गाणं स्वतःच इंटरनेटवरून घेतो, मोबाईलनं फक्त हुकूम सोडायचा. माहेरचा फोन आला तरी सासूबाईंचा अभंग चालूच! शिवाय ब्लूटूथमधून जाताना आवाज बराच दाबला जातो, वायफायवर तेवढा दाबावा लागत नाही. तेव्हा वस्तू वाईट आहे, चोचले आहेत, असं मी मुळीच म्हणत नाही.

आणि ज्या मैत्रिणी लगेच म्हणतील, ‘कशाला हा खर्च, मोबाईल आहे की!’ त्यांना मला एक विचारायचंय. हॉलमधले ते दोन मोठे स्पीकर आठवड्यातून किती वेळा वाजतात? रविवारी पाहुणे आले की. आणि रोज आपण काय ऐकतो? डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, कुकरच्या शिट्टीत बुडालेला. मोठा आवाज पाहुण्यांसाठी आणि बारीक आवाज आपल्यासाठी, ही वाटणी कुणी केली? बऱ्याचदा आपणच केलेली असते. चांगली ताटं कपाटात आणि रोजच्या जेवणाला जुनी, तसंच हे.

म्हणून मी यांच्या वहीत खाली माझे प्रश्न लिहिले. तुमच्याही घरी असा विषय निघाला तर उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, खातं कुणाच्या नावावर? डबा विकत घेऊन भागत नाही, गाण्यांच्या सेवेचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात. एका माणसाचं खातं असलं, तर बऱ्याच सेवांमध्ये एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. म्हणजे साहेबांनी दुकानात बसून गाणं लावलं, की घरात पोळ्या लाटताना आपलं गाणं गप्प! शिवाय ते ॲप आपण काय ऐकतो ते टिपून ठेवतं आणि तशीच गाणी पुढे करतं. यांच्या खात्यावर आपण ऐकलं तर आपल्यापुढे कायम यांच्याच गझला. काही सेवांमध्ये एका घरातल्या अनेकांसाठी मिळून फॅमिली प्लॅन असतो, प्रत्येकाचं खातं वेगळं. घ्यायचंच तर असं घ्या आणि एक खातं स्वतःच्या नावावर करा. सात-बारावर नाव लागायला आपल्याला किती वर्षं लागली, हे काही मी सांगायला नको. इथं दोन मिनिटांत लागतं.

दुसरा प्रश्न, कणकेच्या हातानं तो चालेल का? काही भारी डब्यांना एकही बटण नसतं, सगळं मोबाईलच्या ॲपवर. दिसायला देखणं, पण ज्यांना चष्मा लावूनही मोबाईलची अक्षरं लागत नाहीत त्या सासूबाईंनी काय करायचं? काही मॉडेलवर ठरावीक गाण्यांची बटणं असतात, एक दाबलं की सकाळचे अभंग, दुसरं दाबलं की रेडिओ. आवाज कमी-जास्त करायला फिरवायचं बटण असतं, साधा रिमोट असतो. मला विचाराल तर आवाजातल्या बारीक फरकापेक्षा हे मोठं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जे लावता येतं, ते यंत्र सगळ्या घराचं. नाहीतर ते एकट्याचं खेळणं. ॲपवर सगळा भार टाकला की काय होतं, याचं मोठं उदाहरणही आहे. सोनोस या नावाजलेल्या कंपनीनं मे २०२४ मध्ये आपलं ॲप बदललं आणि आधी असलेल्या कितीतरी सोयी त्यात राहिल्याच नाहीत. ग्राहक इतके चिडले की पुढच्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्सची ऑनलाइन सेवाही २०२४ मध्येच बंद झाली. घरातला डबा धडधाकट, पण मागची सोय गेली. तेव्हा ‘इंटरनेटशिवाय हा किती काम करतो?’ हे आधीच विचारून ठेवायचं.

तिसरा प्रश्न आपल्या गावचा. वीज गेली की काय? उन्हाळ्यात आपल्याकडे विजेचा काय भरवसा! डब्याला वीज थोडी लागते. पण डबा, राउटर आणि ॲम्प्लिफायर तिन्ही इन्व्हर्टरवर असल्याशिवाय गाणं वाजत नाही. मोबाईलच्या डेटावर चालवायचं म्हटलं तर हिशेब करा. बऱ्यापैकी दर्जाचं गाणं तासाला साधारण दीडशे एमबी खातं. सीडीच्या दर्जाचं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. त्याहून वरच्या दर्जाचं ऐकलं तर दिवसाचा दोन जीबीचा पॅक दीड-दोन तासांत संपू शकतो. मग मुलीचा ऑनलाइन क्लास कशावर?

चौथा प्रश्न, पैसा नेमका कशात घालायचा? भाचा म्हणतो, ‘मामी, हा १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत वाजवतो.’ मी म्हटलं, ‘बरं, आणि माझे कान?’ १९८२ मध्ये सीडी आली तेव्हाच सेकंदाला ४४,१०० नोंदी हे माप ठरलं, कारण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपलीकडचं ऐकूच येत नाही, आणि वय वाढलं की ती हद्दही खाली येते. मग पन्नाशीच्या कानांसाठी दुपटी-चौपटीचे पैसे कशाला? शिवाय आपण ऐकतो ती निम्मी गाणी जुन्या काळची. तेव्हाच्या टेपवर जे उतरलं नाही, ते कितीही भारी डबा आणला तरी निघणार नाही. पाणी विहिरीत असेल तेवढंच पोहऱ्यात येतं. आवाजात सगळ्यात मोठा फरक स्पीकर पाडतात, ते ठेवले कुठं यानं पडतो, आणि खोलीनं पडतो. उघड्या फरशीवर, रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तिथं एक जाड सतरंजी आणि पडदे लावले तरी कानाला फरक कळतो. आणि सतरंजी-पडद्यांच्या खरेदीत तर आपला शब्द आधीपासूनच चालतो!

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असं आपण कौतुकानं म्हणतो, पण असले डबे ऐकवून दाखवणारी दुकानं काही आपल्याकडे नाहीत. बहुतेक जण ऑनलाइन जाहिरात वाचून मागवतात. जाहिरातीत टायडल, कोबझ अशी परदेशी सेवांची नावं मोठ्या अक्षरात असतात. त्यातली कोणती आपल्याकडे रीतसर मिळते आणि कोणत्या सेवेवर आपली मराठी गाणी भरपूर आहेत, हे पैसे भरायच्या आधी विचारा. आकाशवाणीची कितीतरी केंद्रं इंटरनेटवर ऐकायला मिळतात, तर आपलं परभणी केंद्र त्या डब्यावर लागतं का, तेही विचारा. आणि वस्तू परत घेण्याची मुदत संपायच्या आत घरातल्या प्रत्येकानं ती स्वतः लावून बघावी.

पाचवा प्रश्न सगळ्यात जवळचा. आपली गाणी त्यात कुठं आहेत?

हा जनाबाईंचा जिल्हा आहे, गंगाखेड त्यांचं गाव. दळता-कांडता गाणं रचायची, गायची रीत आपल्या रक्तातच आहे. जात्यावर बसलेल्या बाईला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ओवी तिची, आवाज तिचा, वेळही तिची. पहाटेच्या त्या अंधारात सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सगळं ती बोलून घ्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्या संग्रहात आहे. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत, कुणीही फुकट ऐकू शकतं. पुढं घरोघर पिठाच्या गिरणीवर दळण जाऊ लागलं. मनगटांचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण गाणारी बाई ऐकणारी झाली. मग रेडिओ आला, टेप आला, आणि ‘आवाज कमी कर’ म्हणणारंही कुणीतरी आलं.

तुमच्या आजीच्या, आईच्या ओव्या कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. महिन्याला कितीही पैसे भरा, त्या मिळायच्या नाहीत. मात्र कितीतरी स्ट्रीमरना पेनड्राइव्ह लागतो, आणि ज्याला लागतो तोच मी घेणार, अशी माझी अट आहे. या उन्हाळ्यात माहेरी जाल तेव्हा पंखा बंद करा, दार लोटून घ्या, मोबाईल आईपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा आणि तिला म्हणा, ‘म्हण की गं आई, तुझ्या आठवणीतल्या.’ ती आधी लाजेल, ‘आता कुठं आठवायलंय’ म्हणेल. थोडं थांबा. एक आठवली की दुसरी येते. एक प्रत मोबाईलवर, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडे ठेवा.

आमची खरेदी अजून व्हायची आहे. लाखांतली नावं वहीतून गेली. बटणवाला, पेनड्राइव्ह घेणारा, मधल्या किमतीचा डबा बघणं चालू आहे. उरलेल्या पैशांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन छोटे स्पीकर येतील, ही माझी दुसरी अट. यांनी आधी भुवया उंचावल्या, मग स्वतःच तारेचं माप घ्यायला उठले.

सांगायचं ते एवढंच. ‘मला त्यातलं कळत नाही’ हे वाक्य आपण आता सोडून देऊ या. डब्यातली यंत्रं नसतील कळत. पण घरात कोण कधी जागं असतं, कुणाला काय ऐकून बरं वाटतं, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? तेव्हा पुढच्या वेळी बैठकीत ही चर्चा सुरू झाली, की चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवा, आणि तिथंच बसा.